बासष्ट मिलिग्रॅम

पाकीट बासष्ट मिलिग्रॅम कमी भरलं.

आता बासष्ट मिलिग्रॅम म्हणजे काय, तर काहीच नाही. बोटाला चिकटलेलं मीठसुद्धा त्याहून जास्त भरेल. बाहेरच्या जगात कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ही वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांची कार्यशाळा. इथे दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे काटे येत, तपासून चोख केले जात, आणि मग त्यांच्या स्क्रूमधून तार ओवून तिच्यावर शिशाचा शिक्का चिमट्याने दाबला जाई, म्हणजे पुन्हा कुणी आत हात घालू नये. इथल्या चार माणसांचा माणसावर विश्वास बसायला वेळ लागे, काट्यावर लगेच बसे. तर त्या मागच्या काचेच्या खोलीत, जिथे सगळ्यात नाजूक तराजू होता, तिथे ज्याला सगळे रेडिओ म्हणत त्या कारागिराने नेहमीप्रमाणे सकाळी चिमट्याने ते पाकीट पारड्यात ठेवलं, काच सरकवली, आकडा ठरायची वाट पाहिली आणि जोरात ओरडला, ‘‘चोर सापडला रे! बासष्ट कमी!’’

रेडिओ म्हणजे रेडिओच. सकाळी आला की सुरू, संध्याकाळी कुलूप लागलं की बंद. तो थट्टा करत होता हे भिंतीलाही कळलं असतं. पण ज्याचं ते पाकीट होतं, त्या दाराशी डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या कारागिराला मात्र डबा खाली ठेवायचा की धरून ठेवायचा हेच सुचेना. त्याला वाटलं, कळलं. कसं कळलं ते माहीत नाही, पण कळलं. सिगरेट सोडतो म्हटल्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. पाकिटात त्याच्या शेवटच्या तीन सिगरेटी होत्या. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर त्या पाकिटाला आडवी-उभी तार गुंडाळून मास्तरांनी स्वतः शिक्का दाबला होता. कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर ते, शिक्क्याचा चिमटा सहसा कुणाच्या हाती देत नसत. ‘‘आता हे उघडायचं ते तुझी बहीण बरी होऊन इथे येईल तेव्हा. तिच्या हातून. आणि मग सरळ कचऱ्यात,’’ असं ते म्हणाले होते. तेव्हापासून रोज सकाळी वजन, आणि वजनाखाली फळ्यावर दिवसाचा आकडा. दोन-चार मिलिग्रॅम इकडेतिकडे व्हायचंच. त्याला कुणी विचारत नसे. आकडा लिहिला की तिघेही टाळ्या वाजवत. अगदी खऱ्या टाळ्या. त्या टाळ्यांचा आवाज हल्ली त्याला सकाळी दात घासतानाही ऐकू यायचा आणि ओकारी यायची.

खरं तर त्या पाकिटाला त्याने बोटही लावलं नव्हतं. लावायची गरजच काय होती? कोपऱ्यावरच्या टपरीवर सुटी मिळत होती ना. एकोणिसाव्या दिवशी पहिली. त्या दिवशी सर्जनने त्याला पालथं झोपवून कमरेच्या वर डाव्या बाजूला निळ्या पेनाने एक रेघ काढली होती. समजावून सांगायला, बाकी काही नाही. ‘‘इथून एवढंसं उघडू, किडनी काढू, पंधरा दिवसांत तुम्ही कामावर.’’ पेनाचं टोक थंड होतं. शर्ट खाली ओढताना त्याला आई आठवली. तो नऊ वर्षांचा असताना आई अशीच एका छोट्याशा ऑपरेशनला चालत गेली होती, हातात पर्स, आणि जाताना त्याला म्हणाली होती, दूध उतू जाऊ देऊ नकोस. पर्स परत आली. त्यानंतर ताईने, पंधरा वर्षांच्या ताईने, कुणी न सांगता दूध तापवायला घेतलं, त्याच्या शर्टाची बटणं लावायला घेतली, त्याला मोठं करायला घेतलं. हे सगळं डोक्यात घेऊन तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरला आणि टपरीसमोर कसा आला ते त्याला आजही सांगता येणार नाही. पाय गेले. तोंड म्हणालं, ‘‘एक.’’ पहिल्या झुरक्याला त्याला जे वाटलं त्याची लाज त्याला नंतर कुठल्याच साबणाने धुता आली नाही. त्याला वाटलं होतं, सुटलो.

हेच ते. हेच तो कुणाला सांगू शकत नव्हता, स्वतःलाही नीट नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा आठवडे एकही नाही, मग रक्त तपासू, रक्त स्वच्छ निघालं तरच ऑपरेशनची तारीख. रक्तगट, बाकीचं सगळं जुळणारा घरात तो एकटा. ताईच्या हातावरची शीर, जिच्यातून आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनमध्ये जाऊन परत यायचं, ती आता दमली होती. फार तर दोन महिने रेटेल म्हणाले. म्हणजे हिशेब लहान मुलालाही येण्यासारखा. आणि तो प्रत्येक सिगरेटीबरोबर तारीख लांब ढकलत होता, हे त्याला ओढताना पक्कं ठाऊक असायचं. म्हणून तर ती इतकी गोड लागायची! तलफ तर असतेच हो. तलफ कुणाला चुकली आहे? पहिल्या आठवड्यात त्याने पेन्सिली चावल्या, बडीशेप खाल्ली, बायकोवर खेकसला, रात्रभर जबडा आवळून झोपला. ते सगळं त्याने काढलं. एखाद्या कुत्र्याने दाराशी बसून राहावं तशी ती तलफ बसून राहायची आणि तो तिला ओलांडून जायचा. पण एकोणिसाव्या दिवशी जे आलं ते तलफेचं सोंग घेऊन आलं होतं आणि ते दुसरंच काहीतरी होतं. मग सत्ताविसाव्या दिवशी, तेहतिसाव्या दिवशी, आणि काल.

काल संध्याकाळी, कार्यशाळेच्या मागच्या फाटकाआड, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाशी. तपासणीला दोन दिवस उरले असताना! दोन दिवस हो! बायको सकाळी म्हणाली होती, ‘‘बघ, निघालं की नाही निभावून? मला माहीत होतं तू करशील.’’ इतक्या विश्वासाने म्हणाली की त्याला वाटलं हिच्या तोंडावर हात ठेवावा. कुणी शिव्या घातल्या असत्या तर तो कदाचित टिकला असता. सगळ्यांनी मिळून त्याला असा काही उचलून धरला होता की त्याचे पायच जमिनीला लागत नव्हते. मास्तर त्याच्यासाठी रोज एक सफरचंद आणायचे, सोलून, फोडी करून, लहान पोराला देतात तसं. रेडिओने तर कमालच केली होती. पहिल्याच दिवशी छातीवर हात मारून म्हणाला, ‘‘तू सिगरेट सोडतोस ना? मी साखर सोडतो. तुझी तारीख मिळेपर्यंत एक कण नाही.’’ आणि हा चार चमचे साखरेचा चहा पिणारा माणूस एक्केचाळीस दिवस कडू चहा पीत होता, दर घोटाला तोंड वेडंवाकडं करत, आणि त्याच्याकडे पाहून डोळा मारत होता.

‘‘काय रे, गप्प का? बोल, कुठे गेले बासष्ट?’’ रेडिओ हसत म्हणाला.

त्याने डबा टेबलावर ठेवला. ‘‘काल संध्याकाळी,’’ तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. ‘‘फाटकामागे. त्याआधी तीन. एकूण चार झाल्या.’’

रेडिओचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. तराजू साफ करणारा चौथा कारागीर कापड हातात धरून थांबला. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, काच सरकवली, पाकीट बाहेर काढून उजेडात धरलं. तार जशीच्या तशी. शिक्का शाबूत, त्यावरची त्यांची स्वतःची खूण शाबूत. ‘‘अरे,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘हे तर कुणी उघडलेलंच नाही.’’ मग त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे मान वळवली. खोलीतली हवा कोरडी ठेवणारं ते यंत्र दोन महिने बंद होतं, ते कालच दुरुस्त होऊन रात्रभर चाललं होतं. ‘‘तंबाखू वाळली. पाणी गेलंय फक्त. पाणी.’’

म्हणजे कळलं नव्हतं. कुणालाच काही कळलं नव्हतं. त्याला हसू यायला लागलं. नुसतं ‘मला काय ठाऊक’ म्हणाला असता तरी मास्तरांनी यंत्राकडे बोट दाखवलं असतं, टाळ्या वाजल्या असत्या, फळ्यावर एक्केचाळीस लिहिला गेला असता. पण आश्चर्य असं की त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. त्याला वाईट वाटत होतं ते या तिघांचं. रोज सकाळी ही शहाणी माणसं एक बंद पाकीट जोखत होती आणि समजत होती की माणूस जोखतोय. आयुष्यभर दुसऱ्याच्या काट्यातली खोट शोधणारी माणसं, आणि सुटी सिगरेट मिळते एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही? कारण त्यांना तो आवडत होता. बस, एवढंच.

रेडिओने फडकं घेतलं, फळ्यापाशी गेला, पण पुसलं नाही. ‘‘मुलीच्या वाढदिवसाला,’’ तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘‘केक कापला तिने. बाबा, एक घास, म्हणून मागे लागली. मी नाही खाल्ला. रडली ती.’’ एवढं बोलून तो खाली बसला आणि मग दिवसभर एक शब्द बोलला नाही. मास्तरांनी सफरचंद सोललं, फोडी बशीत ठेवल्या, बशी नेहमीसारखी त्याच्यापुढे सरकवली. ‘‘खा,’’ म्हणाले. ‘‘आणि आज दुपारी बहिणीला आणायला जाशील तेव्हा सांग. आमच्याआधी तिला सांगायला हवं होतंस.’’ त्याने एक फोड तोंडात घातली. ती चावून चावून संपेना.

दुपारी तो पायीच निघाला. बस त्याने मुद्दाम टाळली, कारण बसने गेलं की पंधरा मिनिटांत पोचतो आणि पायी पाऊण तास लागतो. रस्त्यात टपऱ्या किती असतात हे सिगरेट सोडणाऱ्यालाच विचारावं. नऊ. दोन पुलाआधी, एक औषधाच्या दुकानाशेजारी, ही एक चेष्टाच. प्रत्येक टपरीपाशी त्याला वाटलं, आता काय उरलंय, गेलंच ना सगळं, मग एक ओढायला काय हरकत आहे? आणि प्रत्येक टपरीपाशी त्याला ताईचं नाक आठवलं. तो सोळा वर्षांचा असताना मित्राबरोबर पहिल्यांदा ओढून घरी आला, तेव्हा ताईने दारातच त्याचा उजवा हात पकडला, बोटं नाकाशी नेली आणि काही न बोलता सोडून दिला. त्या रात्री ती जेवली नाही. पुढे कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी तसंच, हात, बोटं, वास. त्याचं लग्न झाल्यावर ते थांबलं. आणि आता, डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या, तिने तो खेळ पुन्हा सुरू केला होता. तो आला की मोकळा हात पुढे करायची, ‘‘आण इकडे,’’ म्हणायची, बोटं नाकाशी धरून डोळे मिटायची, आणि मग, ‘‘शाबास.’’ आधीच्या त्या तीन दिवसांनंतर भेटायला येताना त्याने हात पितळ साफ करायच्या स्पिरिटने चोळले होते, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने, कातडी लाल होईपर्यंत. तरी ते नाक! पूर्वी त्या नाकाने खिशात बडीशेप असली तरी ओळखलं होतं. तिन्ही वेळा शाबास मिळाली तेव्हा त्याला आधी वाटलं वाचलो, आणि मागोमाग वाटलं, हिला कळलंय आणि ही मला सोडून देतेय. त्या दुसऱ्या विचाराने त्याची झोप उडवली होती.

डायलिसिसची खोली लांबट होती, खिडक्या उंचावर. आठ खुर्च्या, आठ मशीन, आणि सगळ्यांचा मिळून एकच संथ आवाज. ताई कडेच्या खुर्चीत होती. गेल्या वर्षभरात तिचा चेहरा मातकट झाला होता, पण भुवया तशाच, हुकूम सोडणाऱ्या. शेजारच्या टेबलावर तिचा पाण्याचा मोजपेला. तो त्यानेच कार्यशाळेतून आणून दिला होता, बारीक रेघांचा. तिला दिवसाला दीड पेला पाण्याची परवानगी होती. दीड म्हणजे दीड.

‘‘आण इकडे,’’ ती म्हणाली.

त्याने हात दिला नाही. ‘‘ताई, मी ओढली.’’

मशीन चालू होतं. तिच्या रक्ताची लाल नळी किंचित थरथरत होती. ‘‘किती?’’

‘‘चार. शेवटची काल.’’

‘‘म्हणजे उद्याची तपासणी नाही,’’ ती म्हणाली. तिने वर छताकडे पाहिलं, ओठ ओले करायला जीभ फिरवली, पण जीभही कोरडीच असणार. शेवटी त्यालाच राहवेना. ‘‘तुला कळलं होतं ना? तू वास घ्यायचीस. मग शाबास का म्हणालीस?’’

‘‘मला वास येत नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘दीड वर्ष झालं. या आजारात जातो काहीकाहींचा. जेवणाचा नाही, औषधाचा नाही, कशाचाच नाही. तुला सांगितलं नाही, म्हटलं उगाच जिवाला घोर कशाला.’’

‘‘मग बोटं का नाकाशी...’’

‘‘तुझी बोटं गार असायची. ओली. मला वाटायचं, किती जपतोय हा, माझ्याकडे यायचं म्हणून हात धुऊन येतोय.’’

त्याला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. खाली बसायला त्याने स्टूल चाचपलं, ते मिळालं नाही, मग तो उकिडवाच बसला, तिच्या खुर्चीच्या पायाशी, चांगला चाळीस वर्षांचा बाप्या, आणि पलीकडच्या खुर्चीतले आजोबा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले.

‘‘मी दीड पेला पाणी पिते, छोट्या,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द वेगळा येत होता. ‘‘तुझ्याच त्या पेल्याने मोजून. आंघोळ करताना तोंडावर पाणी येतं ना, ते ओठांशी येतं. ते मी पुसते. गिळत नाही. शॉवरखाली कोण बघतंय? कुणी नाही. तरी पुसते. आणि तू!’’ तिला धाप लागली. ‘‘मला राग आलाय. मला येऊ दे. मधे बोलू नकोस.’’

तो तसाच उकिडवा, तिच्या पायाशी.

‘‘आता एकच सांग. द्यायची नाहीये का तुला? नसेल तर तसं तोंडाने म्हण. मी काही तुझी किडनी ओरबाडून घेणार नाही. पण ते सिगरेटीकडून वदवून घेऊ नकोस. एवढं तरी माझ्यासाठी कर.’’

इतक्या दिवसांत कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. सगळे विचारत होते, किती दिवस झाले. ‘‘द्यायची आहे,’’ तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं की हे खरं आहे, आणि त्याने जास्तच घाबरायला झालं. ‘‘पण मला मरायची भीती वाटते ताई. आई गेली तशी. तुला वाचवायचंय आणि मला पळून जायचंय. रोज दोन्ही. टपरीवर गेलं की दुसरं जिंकतं.’’

तिने डोळे मिटले. आईचं नाव दोघांच्यात किती वर्षांनी निघालं होतं कोण जाणे. ‘‘मीच धाडलं होतं तिला,’’ ती म्हणाली. ‘‘ती उद्या जाते म्हणत होती. मी म्हटलं, आजच जा, घरचं मी बघते.’’ तिच्या मोकळ्या हाताने थोडी चाचपणी केली, त्याचं डोकं सापडलं, आणि तो हात तिथे राहिला. कुरवाळलं वगैरे नाही. नुसता ठेवला, सामान ठेवावं तसा. ‘‘आजपासून पुन्हा एक,’’ ती म्हणाली. ‘‘सहा आठवडे. शीर टिकली तर टिकली. पण मला खरा आकडा सांगायचा. शून्य असला तरी शून्य सांगायचा.’’

‘‘आणि नाही टिकली तर?’’

‘‘नाही टिकली तर तुला आयुष्यभर पुरेल इतकं वाईट वाटेल,’’ ती म्हणाली. ‘‘ते मी कमी करू शकत नाही.’’

मशीन थांबलं. नर्सने सुया काढल्या, पट्ट्या दाबल्या, आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, ‘‘चला, वजन.’’ मशीनने अंगातलं किती पाणी काढलं ते वजनावरून बघायचं असतं. भिंतीशी मोठा काटा होता, जमिनीला लागून, वर आकड्यांची लाल पट्टी. चार महिन्यांपूर्वी कार्यशाळेत येऊन गेलेला. बाजूच्या स्क्रूला तार होती, तारेला शिक्का, आणि तो त्याच्याच हातचा होता. मास्तरांनी त्या दिवशी चिमटा त्याच्या हाती दिला होता. ताई उठली, दोन पावलं टाकली आणि तिचे गुडघे वळले. तिने पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला हात घातला, मग नाइलाजाने त्याच्या खांद्याला.

‘‘बीपी खाली गेलंय,’’ नर्स म्हणाली. ‘‘असं करा, तुम्ही त्यांना धरून दोघं उभे राहा. मग तुमचं एकट्याचं घेऊ आणि वजा करू.’’

तो तिला धरून काट्यावर चढला. ती किती हलकी झाली होती ते त्याला हाताला कळलं, आकडा बघायची गरज नव्हती. तिचं कपाळ त्याच्या छातीवर टेकलं होतं, नाक थेट खिशाशी, जिथे कालपर्यंत काडेपेटी होती. दोघांचा मिळून आकडा लगेच ठरला. नर्सने लिहून घेतला. मग ताईला खुर्चीत बसवलं आणि तो एकटा परत चढला.

आकडा ठरेना. बहात्तर पूर्णांक चार, बहात्तर पूर्णांक सात, एक, परत सहा. नर्स पेन रोखून थांबली. ‘‘हलू नका जरा.’’ तो हलत नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं. त्याने श्वास धरला, मुठी आवळल्या, समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडे नजर लावली, पण खाली पायांतून काहीतरी बारीक, अखंड थरथरत होतं आणि ते त्या चोख काट्याला बरोबर कळत होतं. ‘‘अहो, स्थिर उभे राहा ना,’’ नर्स पुन्हा म्हणाली, या वेळी जरा वैतागून. ‘‘काटा बिघडलाय की काय?’’

‘‘काटा बरोबर आहे,’’ तो म्हणाला.

मागून ताईचा आवाज आला, दमलेला, पण भुवयांसकट. ‘‘थांबा हो सिस्टर. होईल स्थिर. त्याला जरा वेळ लागतो.’’

नर्सने घड्याळाकडे पाहिलं. तो काट्यावर उभा होता आणि लाल आकडा हलतच होता.